मुक्कामाची गाडी, अकराचा तास

सोलापूर जिल्ह्यातल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या पदवीधरासमोर कोल्हापूरचं नाव काढलं, की अंबाबाईच्या पाठोपाठ त्याला मायग्रेशन सर्टिफिकेट आठवतं. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं. त्याआधी आमचा जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता आणि इथे केगावला त्यांचं पदव्युत्तर केंद्र होतं. पदवीचं प्रमाणपत्र, नावातली दुरुस्ती, मायग्रेशन असं काहीही निघालं की कोल्हापूर गाठायचं. काम खिडकीवर पाच मिनिटांत झालं तरी जाऊन-येऊन एक रात्र आणि दोन दिवस मोडायचे. सांगोल्याच्या मुलाला निदान सांगली-मिरज वाटेवर. अक्कलकोटच्या मुलाला जिल्ह्याच्या या टोकापासूनच सुरुवात.

वेगळं विद्यापीठ झालं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. एका जिल्ह्याचं कसलं विद्यापीठ, असा प्रश्न होता. मी इथल्या सामाजिकशास्त्रे संकुलात शिकवते आणि हा प्रश्न मला अजूनही ऐकायला मिळतो. बाहेरगावी चर्चासत्राला गेले की जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं. त्यावर माझ्याजवळ विद्वत्तेचं उत्तर नाही. एवढंच सांगते, की माझ्यासमोर बसणारी बहुतेक पोरं रात्रीच्या जेवणाला आपापल्या घरी असतात. आणि तसं नसतं तर त्यांतल्या पुष्कळशा पोरी एम. ए.ला आल्याच नसत्या.

केगाव शहराबाहेर, पुणे रस्त्यावर. मोहोळ, माढा, कुर्डुवाडीकडून येणाऱ्या गाड्या आमच्या फाटकासमोरून जातात. साधी गाडी थांबते, लांब पल्ल्याची थांबेलच असं नाही. बार्शी, वैराग, नान्नजकडची मुलं बाळ्याला उतरून रिक्षा धरतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची मुलं आधी सोलापूरच्या स्टँडवर येतात, अख्खं शहर ओलांडतात आणि मग इकडे येतात. सोलापूरपासून मोहोळ काय आणि अक्कलकोट काय, दोन्ही पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण मोहोळची मुलगी वर्गात बसून डबा उघडायच्या बेतात असते तेव्हा अक्कलकोटची मुलगी शहरातल्या सिग्नलवर असते. करमाळा आणि माळशिरस रोज येण्याजोगे नाहीतच. तिकडची मुलं वसतिगृहात राहतात, नाही तर चौघांत मिळून खोली करतात.

शहरातली मुलं जवळची, असंही समजू नये. कुंभारीच्या विडी घरकुलातून येणारी मुलगी पूर्वेच्या टोकाकडून पश्चिमेच्या टोकाला येते. तिची आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलते, आणि विड्या कारखान्यात पोचवायची वेळ आईची असली तरी सकाळी पानं कापायला हात लेकीचेही लागतात. ती मुलगी अकराच्या तासाला येते तेव्हा तिचा निम्मा दिवस झालेला असतो. तिच्या शेजारी घरी कन्नड बोलणारी अक्कलकोटची, मागे दखनी बोलणारा शहरातला, आणि तिघं मिळून माझ्या पुणेरी वळणाच्या 'आपण'ला हसतात. 'आपण लिहून घ्या' म्हटलं की एकमेकांकडे बघतात. इथे शिक्षकसुद्धा 'लिव्हा की' म्हणतो.

या नोकरीत मी एसटीचं वेळापत्रक जितकं वाचलं तितकं विद्यापीठाचं परिपत्रकही वाचलं नसेल. त्यात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती मुक्कामाची गाडी. संध्याकाळी आगारातून निघायचं, शेवटच्या गावात रात्र काढायची आणि पहाटे त्याच गावातून पहिली फेरी करायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत, देवळात, नाही तर शाळेच्या पडवीत झोपतात. गावात गाडी मुक्कामी असली तर त्या गावची मुलगी अकराच्या तासाला पोचते. गाडी सकाळी तालुक्याहून निघून गावात येणार असली तर तीच मुलगी साडेबाराला पोचते. तिची हुशारी तीच असते, बापाची जमीनही तेवढीच असते. वर्गाच्या यादीत कुणाच्या गावी मुक्कामाची गाडी आहे हे मी पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवते. जात, उत्पन्न, वडिलांचा व्यवसाय हे सगळं प्रवेशअर्जात असतं. गाडीचं काही नसतं.

वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सुरुवातीला कागदावर ते साधंच दिसलं. खोल्या किती, शिक्षक किती, तास किती. पण दहाचा तास लावला तर समोर वसतिगृह बसतं. चारचा लावला तर समोर बसलेल्यांचे डोळे खिडकीबाहेर असतात. सगळे म्हणजे खरोखर सगळे एका जागी सापडतात ते बारा ते दोन. या दोन तासांना आमच्याकडे स्टँडसमोरच्या गाळ्यासारखा भाव आहे. प्रत्येक शिक्षकाला आपला विषय तिथेच हवा असतो, आणि बाहेरचा पाहुणा आला तर त्याचं व्याख्यानही त्याच वेळेत घुसवलं जातं. संशोधनपद्धती, आकडेमोड असलं एकदा चुकलं की हातातून गेलं असं जे असेल ते मी बाराला ठेवते. अकराला असं काही घेते की वीस मिनिटं उशिरा आलेल्याला धागा सापडावा. याला अध्यापनशास्त्रात काही नाव असेल तर मला माहीत नाही.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची गोष्ट त्याहून अवघड. तासाप्रमाणे पैसे, म्हणून सकाळी एका तालुक्यात आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात शिकवणारे आहेत. गाडीत विद्यार्थ्याच्या शेजारी त्याचेच सर बसलेले असतात, आणि दोघांनाही उशीर झालेला असतो.

आता हजेरीचं. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम साऱ्या विद्यापीठांत आहे, तसा आमच्याकडेही आहे. नियम मोडा असं मी म्हणणार नाही. नियम नसेल तर वर्ग ओस पडतात हेही पाहिलं आहे. पण तो नेमकं काय मोजतो ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. ऑक्टोबरात बार्शीकडच्या, कासेगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या घरची मुलं गळायला लागतात. फळछाटणी, मग डिपिंग, मग विरळणी. मजूर मिळत नाही आणि बाग थांबत नाही. त्याच सुमारास गाळप सुरू होतं. साखर कारखाने राज्यात सगळ्यांत जास्त आमच्या जिल्ह्यात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर आले की मागच्या एसटीचा वेग ट्रॅक्टरचा होतो. आषाढीला गाड्या पंढरपूरकडे वळतात. ते तर ठरलेलंच, त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा शहरातले रस्ते अडतात. हे सगळं बेरजेत धरलं तर साठ टक्के भरलेली मुलगी आणि वसतिगृहातून चालत येऊन नव्वद टक्के भरलेला मुलगा यांत जास्त कोण आलं, हे रजिस्टर पाहून सांगता येत नाही. मी एवढंच करते, की हजेरी तासाच्या सुरुवातीला न घेता शेवटी घेते. काही सहकाऱ्यांना हे लाड वाटतात. वाटोत.

शेवटच्या तासात 'काही शंका?' विचारलं की वर्ग एकमुखानं नाही म्हणतो. शंका असतात. त्या गाडीत बसल्यावर सुरू होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवल्या जातात. मागे इंजिनाचा घरघराट, कंडक्टरची घंटी, मध्येच रेंज जाऊन अर्धवट तुटलेला प्रश्न. उरलेला अर्धा रात्री नऊनंतर, जेवणं झाल्यावर. माझे निम्मे तास या आवाजांवर झालेत असं म्हटलं तरी चालेल.

महाविद्यालयीन जीवन म्हणून जे काही सांगतात, कट्टा, मैत्री, भांडणं, गाणी, ते आमच्या आवारात थोडं आणि गाडीत जास्त. खिडकीतून रुमाल नाही तर दप्तर टाकून जागा धरायची. बी.एस्सी.ची मुलगी, आयटीआयचा मुलगा, एम.ए.वाली आणि बारावीची अशी चौघं रोज एका बाकाभोवती. आमच्या विषयाच्या जुन्या नोट्स संकुलाच्या ग्रंथालयात नसतील पण वैरागच्या गाडीत हमखास असतात. वरच्या वर्गातली मुलगी पास झाली की वही खालच्या वर्गातलीला त्याच सीटवर देते. एकदा एका उत्तरपत्रिकेत मला माझंच एक उदाहरण भेटलं, जे मी देणं बंद करून बरीच वर्षं झाली होती. ते गाडीत अजून शिकवलं जात होतं.

गाडी बंद पडली तर काय होतं तेही या नोकरीत बघायला मिळालं. मार्च २०२० पासून वर्ग बंद होते. दीड वर्षानं, २० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली महाविद्यालयं पुन्हा उघडली. पहिल्या दिवशी पोरं आली ती मास्क लावून, कपडे मात्र सणाचे. एकमेकांना पडद्यावर पाहिलेलं, त्यामुळे उंची बघून आश्चर्य करत होती. आठवड्याभरातच एसटी कर्मचाऱ्यांचं आंदोलन पेटलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्यभर चाकं थांबली. संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मी इथे बोलत नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची पोरं माझ्या वर्गात होती, आणि पगार थांबलेल्या घरातून येणं काय असतं ते ती सांगत नव्हती तरी दिसत होतं.

त्या काही महिन्यांत वर्ग डोळ्यांदेखत बदलला. आधी मुली कमी झाल्या. मुलं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून यायची, ट्रकला हात करायची, वडापच्या, म्हणजे खाजगी प्रवासी जीपच्या, मागच्या दांडीला लोंबकळून यायची. वडाप जिथे होतं तिथेही भाडं रोख आणि पूर्ण. एसटीचा विद्यार्थी पास म्हणजे भाड्याच्या एक-तृतीयांश पैशांत महिनाभर. तो संपल्यावर जाण्या-येण्याचा आकडा घरात मोठ्यानं उच्चारला जाऊ लागला. ज्या घरात भाऊ-बहीण दोघं शिकत होती तिथे एकाच्याच भाड्याची सोय झाली, आणि ती कुणाची झाली हे सांगायला नको. मंगळवेढ्याकडची एक मुलगी, वर्गात पहिल्या दोघींतली, डिसेंबरात फोनवर म्हणाली, "मॅडम, वडापमध्ये मागं बसायचं म्हणजे कुणाच्या मांडीला मांडी लावून. पप्पा न्हाई म्हणतेत. मी बी न्हाईच म्हणते." त्या दुसऱ्या वाक्यानं मी गप्प झाले.

जानेवारीत तिसऱ्या लाटेनं वर्ग पुन्हा बंद झाले तेव्हा, खरं सांगायचं तर, काही घरांना हायसं वाटलं. पडद्यावर निदान सगळे सारखेच लांब होते. उन्हाळ्याच्या परीक्षा समोरासमोर घ्यायच्या ठरल्या तेव्हा ऑनलाइनसाठी जी ओरड झाली तिची वर्तमानपत्रांतून पुष्कळ टिंगल झाली. पोरांना कॉपी करायची सवय लागली, वगैरे. लागली होती, यात शंका नाही. पण त्या ओरडीत गाडीचा आवाज होता, तो कुणी ऐकला नाही. मंगळवेढ्याची मुलगी परीक्षेला आली. तिचे वडील तिला पेपरागणिक दुचाकीवर घेऊन यायचे आणि पेपर सुटेपर्यंत लिंबाखाली बसून राहायचे. दुपारच्या सत्राचा पेपर साडेपाचला सुटायचा.

दुपारच्या सत्राबद्दल एक जाता जाता. उत्तरपत्रिका तपासताना सत्र ओळखू येतं. सकाळच्या पेपरात शेवटचा प्रश्न कमी पाठ असल्यामुळे लहान असतो. दुपारच्या पेपरात तो पाठ असतो, आणि अक्षर धावत असतं.

वसतिगृह वाढवा, हा यावरचा उपाय कुठल्याही बैठकीत कुणीतरी सुचवतंच. वाढवावं, जरूर वाढवावं. करमाळ्याच्या मुलीला त्याशिवाय मार्ग नाही. पण माढ्याच्या मुलीचं वसतिगृहानं सुटतं असं मला वाटत नाही. तिच्या घरी शिक्षणाबद्दल एक करार झालेला असतो. तो कुठे लिहिलेला नसतो, पण घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. रोज जायचं, रोज यायचं. सकाळची भाकरी करून जायचं. चुलत्यांच्या लग्नात दिसायचं. आणि स्थळ आलं तर बघू. या करारावर तिला पाच वर्षं मिळतात, कधी सात. एका वडिलांना मी वसतिगृहाचा अर्ज दिला होता. मुलीचे गुण उत्तम, फीमध्ये सवलत बसत होती. त्यांनी अर्ज वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, रोज येती-जाती हाय तवर कुणी कायबी म्हणत न्हाई. ऱ्हायला लागली की आमचे पावणेच शाळा घेतील आमची." मुलगी शेजारीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नाराजी मला दिसली नाही. तिला तो सौदा माझ्याहून चांगला कळत होता. पुढे ती नेट पास झाली, तीही घरून येऊन-जाऊन.

तेव्हापासून मुलींना 'बाहेर पडा, मोकळ्या व्हा' असलं निरोप समारंभातलं भाषण माझ्या तोंडून होत नाही. त्या रोज बाहेर पडतातच. रोज परतही जातात, आणि परत जाताना घरात जे काही नेतात ते हळूहळू त्या घराला बदलतं. धाकट्या बहिणीचं लग्न दोन वर्षं पुढे जातं. आजीच्या बँकेच्या पासबुकाचा हिशोब लागतो. वसतिगृहात राहिलेली मुलगी कदाचित अधिक लांब जाते. घरून येणारी आपल्यामागे अजून दोघींना गाडीत बसवते.

२०१९ ला आमच्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. एसटीची ग्रामीण मुलींसाठी मोफत पासची योजना आहे, तिलाही अहिल्याबाईंचंच नाव आहे. ती बारावीपर्यंत. म्हणजे एका अहिल्यादेवींच्या नावानं फुकट आलेली मुलगी दुसऱ्या अहिल्यादेवींच्या नावाच्या फाटकाशी आली की पैसे मोजायला लागते. मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं, त्यानं पास काढायला उशीर झालेल्या मुलीचा तो आठवडा निभतो. पण पदवीपर्यंत तो मोफत पास वाढवायला नेमकं काय आड येतं, हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही. विद्यापीठानं मुलींसाठी करायच्या गोष्टींची यादी माझ्याकडे मागितली तर मी हे एकच लिहीन, आणि तेही विद्यापीठाच्या हातात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं २०२३ पासून एम.ए.च्या पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण आणलं. तोंडी सगळे त्याला ओजेटी म्हणतात. एकशे वीस तास प्रत्यक्ष कुठेतरी काम करायचं. शहरातल्या विद्यापीठांत मुलं कंपन्यांत गेली. आमच्याकडे पहिला प्रश्न आला, "मॅडम, गावातच केलं तर चालतंय का?" चालतंय म्हटल्यावर यादी बघण्यासारखी आली. ग्रामपंचायत, पतसंस्था, बेदाण्याचं शीतगृह, रेशन दुकान, गावातलं दूध संकलन केंद्र. देखरेखीला मी जायचं होतं. माढ्याकडच्या एका गावात मी उतरले तेव्हा मुलगी थांब्यावर उभीच होती, आणि पहिलं वाक्य बोलली ते माझ्या परतीच्या गाडीचं. चारची चुकली तर सातचीच, आणि सातची रविवारी नसते.

तिनं दूध संकलन केंद्र निवडलं होतं. फॅट आणि एसएनएफच्या नोंदी, दर दहा दिवसांचं बिल, कोणत्या घरचं दूध बायका घालतात आणि पैसे कुणाच्या खात्यात जातात, असं सगळं तिनं वहीत उतरवलं होतं. वर्गात अकराला डुलकी घेणारी हीच मुलगी, त्यामुळे मी जरा बघतच राहिले. केंद्र पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ चालतं. माझ्याजवळच्या छापील तक्त्यात उपस्थितीची वेळ दहा ते पाच होती, आणि त्या वेळात तिथे कुलूप. केंद्रचालक म्हणाले, दहा ते पाच लिहा, कोण बघतंय. मुलगीही म्हणाली, लिहा मॅडम, गाडीची वेळ झाली. मी दहा ते पाच खोडलं, वर दोन्ही वेळा लिहिल्या, शेजारी सही केली आणि केंद्राचा शिक्का मारून घेतला. कार्यालयातून तो तक्ता 'खाडाखोड आहे, नव्यानं भरा' अशा शेऱ्यासह परत आला. मी तसाच्या तसा, एक पत्र जोडून पुन्हा पाठवला आहे.